गिऱ्हाईक विचारतंय, पान गप्प आहे

सांगलीच्या गणपती पेठेत हळद घ्यायला आलेलं जाणतं गिऱ्हाईक आधी भाव विचारत नाही. ते पोत्यातलं एक हळकुंड उचलतं, कडकन मोडतं, आतला रंग बघतं, नाकाशी नेतं. मग प्रश्न सुरू होतात. राजापुरी का सेलम? यंदाची का गेल्या सालची? पॉलिश किती केलंय? दळून द्याल का? दुकानदार गल्ल्यावर बसल्या बसल्या सगळ्याची उत्तरं देतो. बापाकडून, आज्ज्याकडून आलेलं ज्ञान आहे ते, त्याला कागद लागत नाही.

आता अशाच एखाद्या दुकानाचं ऑनलाईन विक्रीचं पान उघडा. हळदीच्या पावडरीचा एक फोटो, तोही कुठून तरी फुकटात उतरवून घेतलेला. खाली तीन शब्द: शुद्ध, नैसर्गिक, पारंपरिक. त्याखाली तांबड्या अक्षरांत ‘फक्त २ शिल्लक’. जात नाही, साल नाही, गाव नाही. अख्खी आहे का दळलेली, हेही फोटोवरून ओळखायचं. गल्ल्यावर तोंडपाठ असलेलं सगळं ज्ञान पानावर येईपर्यंत जातं कुठे?

टाळेबंदीनंतर सातारा-सांगलीतल्या बऱ्याच दुकानांनी स्वतःची संकेतस्थळं काढली. आता त्यांची दुसरी फेरी सुरू आहे. ‘वेबसाइट जुनी दिसते, नवी करून घेऊ.’ नवी म्हणजे काय, तर रंग बदलतो, वर आपोआप सरकणारी चित्रं येतात, पान उघडताच एक खिडकी उडी मारून फोन नंबर मागते. खाली मजकूर तोच, शुद्ध, नैसर्गिक, पारंपरिक. पैसे गेले, पान तिथंच राहिलं. माझं म्हणणं एवढंच आहे की पान नव्यानं करायचं असेल तर सुरुवात रंगापासून करू नका, गल्ल्यापासून करा. गिऱ्हाईक जे विचारतं ते सगळ्यात वर. बाकीचं खाली, आणि जमलं तर नकोच.

हळदीपासूनच बघू. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याआधी २०१६ मध्ये वर्ध्याच्या वायगाव हळदीला मिळालं होतं, आणि २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला मिळालं. म्हणजे एकट्या महाराष्ट्रात मानांकनाच्या तीन हळदी आहेत. ‘जीआय हळद’ एवढंच लिहून भागत नाही. कुठली, ते लिहा. मानांकन वापरायचा अधिकार कायद्यानं नोंदणीकृत वापरकर्त्याला असतो. तुमची नोंदणी असेल तर तो क्रमांक पानावर ठळक छापा. नसेल तर मानांकनाचं नाव काढून टाका. यात मधला मार्ग नाही.

मेघालयातली लाकाडोंग हळद बघा. तिच्या जवळजवळ प्रत्येक पानावर पहिल्या ओळीत कर्क्युमिनचं प्रमाण असतं, ७ टक्क्यांच्या आसपास. डोंगरातली, थोडी पिकणारी हळद, पण मुंबई-बंगळुरूची गिऱ्हाइकं चढा भाव देऊन ती घेतात, कारण पानानं त्यांच्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं असतं. सांगली ही देशातल्या हळदीच्या मोठ्या बाजारपेठांपैकी एक. इथं हळद तपासून घेणं काही अवघड नाही. मग तो आकडा पानावर का नाही? कमी असला तरी लिहा. राजापुरीला रंगासाठी, वासासाठी मागणी आहे, सगळी गिऱ्हाइकं काही कर्क्युमिनसाठी हळद घेत नाहीत. फोडणीसाठी कुठली, दुधात घालायला कुठली, देवाला वाहायला कुठली हळकुंडं, हे दुकानदार तोंडी सांगतोच. तेच लिहायचं आहे.

आणि ‘पारंपरिक’ म्हणजे काय, तेही सांगा ना. हरिपुरात जमिनीत खोल पेवं खणून त्यात हळद साठवली जायची. पेव बंद केलं की आत हवा खेळत नाही, कीड लागत नाही, हळद वर्षानुवर्षं टिकते. २००५ च्या महापुरात पाणी या पेवांत शिरलं आणि फार मोठं नुकसान झालं. आज बहुतेक माल गोदामात आणि शीतगृहात जातो. ही तीन-चार वाक्यं गिऱ्हाइकाला ‘पारंपरिक’ या एका शब्दापेक्षा जास्त खरी वाटतील, कारण ती खरी आहेत.

‘यंदाची का गेल्या सालची?’ या प्रश्नाशी थोडं थांबायला हवं. वेष्टनबंद मालाच्या २०११ च्या नियमांत २०१७ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ जानेवारी २०१८ पासून ऑनलाईन विकणाऱ्यांनाही पानावर उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, कमाल किंमत, तक्रारीसाठी संपर्क हे सगळं दाखवणं बंधनकारक झालं. त्यातून एक गोष्ट मात्र वगळली आहे, ती म्हणजे माल कुठल्या महिन्यात, कुठल्या साली बनवला किंवा भरला. कारण समजण्यासारखं आहे. मोठ्या मंचावर एकाच वस्तूचा माल वेगवेगळ्या गोदामांतून जातो, प्रत्येक पुड्याची तारीख पानावर दाखवणं कठीण. पण तुमची अडचण ती नाही. तुमचं एकच गोदाम, एकच घाणा. कायद्यानं सूट दिली म्हणून तुम्ही ती घेऊ नका. ‘या हंगामाची हळद, अमुक महिन्यात दळली’ ही ओळ मोठ्या मंचांना जमत नाही आणि तुम्हाला जमते. तुमच्या हातातला हुकमी एक्का आहे हा, आणि तो तुम्ही खेळतच नाही.

बेदाण्याचीही तीच कथा. तासगावच्या सौद्यात व्यापारी मूठभर बेदाणा तळहातावर पसरून रंग, गोलाई, आकार, देठ, ओल सगळं बघतो. पानावर मात्र ‘उत्तम प्रतीचा बेदाणा’ एवढंच. हिरवा का पिवळा का काळा? लांब का गोल? किती जाडीचा? खिरीत घालायचा का नुसता खायचा? साधारण ४ किलो द्राक्षांचा १ किलो बेदाणा होतो, हे एक वाक्य लिहिलं तरी भाव जास्त का, ते गिऱ्हाइकाला कळतं.

त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. बेदाण्याला पिवळा रंग यावा म्हणून बऱ्याचदा गंधकाची धुरी देतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल नियमांत सल्फाइटचं प्रमाण किलोला १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असेल तर ते लेबलवर जाहीर करावं लागतं. दमा असलेल्या काही लोकांना सल्फाइटचा खरंच त्रास होतो. अशा माणसाला पुडा घरी आल्यावर, फोडून झाल्यावर बारीक अक्षरांत हे कळणार असेल तर काय उपयोग? हे विकत घेण्याच्या बटणाच्या वर लिहायला हवं. ज्यांच्याकडे धुरी न दिलेला माल आहे त्यांनी तर ते आवर्जून लिहावं, कारण तो शोधणारं गिऱ्हाईक आहे आणि त्याला तो सापडत नाही.

साताऱ्याचा कंदी पेढा. खवा भाजून भाजून तांबूस केलेला, साखर बेताची. दुकानात पहिला प्रश्न ‘ताजा आहे ना?’ आणि दुसरा ‘किती दिवस टिकेल?’. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ताटापुढेही ‘अमुक तारखेपर्यंत खावी’ ही पाटी लावणं सक्तीचं आहे. म्हणजे राजपथावर उभ्या असलेल्या माणसाला जे दिसतं ते नागपूरहून मागवणाऱ्याला दिसत नाही, आणि त्याच्याकडे पेढा पोचायलाच काही दिवस जाणार. पेढ्याच्या पानावर दोनच तारखा पुरेशा आहेत, माल निघणार कधी आणि खायचा कधीपर्यंत. प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑनलाईन विकणाऱ्यांना सांगितलंच आहे की घरी पोचताना मालाचं किमान ३० टक्के आयुष्य किंवा मुदतीआधीचे ४५ दिवस शिल्लक हवेत. पेढ्यासारख्या अल्पायुषी मालाला हा हिशेब पानावरच मांडलेला बरा. जिथं वेळेत पोचत नाही, तिथली मागणी घेऊच नका. पिन कोड टाकल्यावर ‘तुमच्या गावाला पेढा ताजा पोचणार नाही’ असं सांगणाऱ्या दुकानावर गिऱ्हाईक आयुष्यभर विश्वास ठेवेल.

‘फक्त २ शिल्लक’बद्दल मात्र मला स्पष्ट बोलायचं आहे. मार्केट यार्डात पोत्यांच्या थप्प्या लागलेल्या असताना पानावर दोनच पुडे शिल्लक आहेत असं लिहिणं हे खोटं आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा फसव्या मांडणीच्या १३ प्रकारांवर मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि त्यात खोटी घाई पहिल्या नंबरावर आहे. न मागितलेली वस्तू टोपलीत टाकणं, खर्च शेवटच्या पायरीवर उघड करणं, ‘नको, मला बचत करायची नाही’ असल्या वाक्यावर बोट ठेवायला लावून लाजवणं, हे सगळंही त्या यादीत आहे. ही मांडणी बहुतेकदा दुकानदाराची नसतेच. संकेतस्थळ बनवणारा तयार साचा विकत घेतो, त्यात ही उलटी चालणारी घड्याळं आधीच बसवलेली असतात. पण पाटी तुमच्या नावाची आहे. ज्या घराण्यानं तीन पिढ्या खरं वजन केलं त्यानं पानावर खोटं मोजू नये.

खर्च शेवटी दाखवण्याचा प्रकार इथं सर्रास आहे. पाव किलो हळद, किंमत पटली, नाव-पत्ता-फोन सगळं भरून झालं, आणि शेवटच्या पायरीवर कुरिअरचा आकडा हळदीच्या किमतीच्या बरोबरीनं उभा राहतो. गिऱ्हाईक तिथंच पान बंद करतं आणि परत येत नाही. कुरिअर महाग आहे यात तुमचा दोष नाही. पण ‘पाव किलोला एवढं पडेल, दोन किलो घेतलीत तर किलोमागं एवढंच’ हे वरच सांगितलं तर तेच गिऱ्हाईक बहिणीचं, जावेचं मिळून दोन किलो मागवेल. पेठेत तुम्ही असंच सांगता.

खातं उघडायची सक्तीही काढून टाका. अमेरिकेतले अभ्यासक जारेड स्पूल यांनी सांगितलेलं एक उदाहरण या क्षेत्रात फार प्रसिद्ध आहे. एका मोठ्या दुकानाच्या संकेतस्थळावर पैसे भरायच्या आधी ‘नोंदणी करा’ असं बटण होतं. त्याजागी ‘पुढे चला’ असं बटण आणि खातं उघडायची गरज नाही अशी एक ओळ टाकली. खरेदी ४५ टक्क्यांनी वाढली आणि वर्षभरात ३० कोटी डॉलरची जादा विक्री झाली. इस्लामपूरच्या मावशींना अर्धा किलो बेदाणा घ्यायला पासवर्ड कशाला हवा? नाव, पत्ता, फोन, यूपीआय. संपलं.

मराठीची गोष्ट निघणारच. २०२० मध्ये ‘मराठी नाही तर ॲमेझॉन नाही’ म्हणून मनसेनं आंदोलन केलं. २०२१ मध्ये ॲमेझॉन आणि फ्लिपकार्ट दोन्ही मराठीत आले. परदेशी भांडवलावरचे हे मंच मराठीत आले, आणि सांगली-साताऱ्यातल्या कित्येक दुकानांची स्वतःची पानं अजून निव्वळ इंग्रजीत आहेत! मालक मराठी, गिऱ्हाईक मराठी, माल या मातीतला, आणि मधे इंग्रजी. जिथं मराठी आहे तिथं ती धड दिसत नाही. इंग्रजीच्या मापानं आखलेल्या बटणात वरची वेलांटी कापली जाते, उकार खालच्या ओळीत घुसतो. देवनागरीला वर-खाली जागा जास्त लागते, ओळींतलं अंतर वाढवायला पाच मिनिटंही लागत नाहीत. आणि हळदीचं पान म्हणून पिवळ्यावर पांढरी अक्षरं नकोत. वाचता येण्याचा जगभर मानला जाणारा दंडक असा की साध्या अक्षरांचा आणि मागच्या रंगाचा फरक किमान ४.५ ला १ असावा. हळदी पिवळ्यावर पांढरं त्याच्या जवळपासही जात नाही. दुपारच्या उन्हात, बस स्टँडवर, साध्या फोनवर साठीची माणसं हे पान वाचणार आहेत. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. निकाल बँकांच्या ओळख-पडताळणीबद्दलचा होता, पण दुकानदारांनीही तो मनावर घ्यावा.

आता मिरज. सगळ्यात चांगलं पान जिथं होऊ शकतं आणि जिथं त्याची सगळ्यात जास्त गरज आहे, ते हे गाव. शिकलगार घराण्यांनी हत्यारं घडवण्याचं काम सोडून तंतुवाद्यं घडवायला घेतली, त्याला दीडशेच्या वर वर्षं झाली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. देशोदेशीचे गायक इथून वाद्यं नेतात. आणि तानपुरा विकणारी पानं बघितलीत तर एक फोटो, लांबी, किंमत आणि ‘टोपलीत टाका’.

तानपुरा काय टोपलीत टाकायची वस्तू आहे? कारागिराकडे गेलात तर तो पहिलं विचारतो, ‘गाता कोण? स्वर कुठला?’ काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा तानपुरा वेगळा आणि काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईचा वेगळा. भोपळ्याचा घेर, दांडीची लांबी, तारांची जाडी, सगळं त्या एका उत्तरावर ठरतं. मग चार तारा का पाच? पहिली तार पंचमाला लावणार का मध्यमाला? रियाजाला का मैफलीला? प्रवास किती? डावखुरे आहात का? हे सगळे प्रश्न पानानं गिऱ्हाइकाला विचारायला हवेत. पाच-सहा साधे प्रश्न, एकाखाली एक, आणि शेवटी ‘तुमच्यासाठी हा तानपुरा’. शिकायला सुरुवात केलेल्या मुलीच्या बापाला स्वर कळत नसेल, तर ‘गुरुजींना विचारून सांगतो’ असंही एक उत्तर तिथं असू द्या.

आणि आवाज! फोटोला तानपुरा वाजत नाही. घोडीवर जवारी काढण्याचं काम हे या धंद्यातलं सगळ्यात नाजूक कसब, कानावर चालणारं. खुली जवारी हवी का बंद, हे वाचून कळत नाही, ऐकून कळतं. जो तानपुरा विकायचा आहे त्याचाच अर्ध्या मिनिटाचा आवाज, साध्या फोनवर रेकॉर्ड केलेला, मागं सूर न मिसळता, एवढं पानावर असलं तर पुण्यातला किंवा टोरांटोतला गायक तिथंच थांबेल. भोपळा कुठला, लाकूड कुठलं, किती दिवस वाळवलं, कुणी घडवला, तेही लिहा. कारागिराची परवानगी घेऊन त्याचं नावही लिहा. हे नाव आज पानावर बहुधा नसतं. ज्याच्या कानानं वाद्य बोलतं त्याचं नाव नाही आणि ज्या साच्यावर संकेतस्थळ बेतलं त्या कंपनीचं नाव तळाशी न चुकता असतं, हे मला सहन होत नाही.

वाद्य पोचल्यावरचे प्रश्नही आहेत. तारा सैल करून पाठवतात, त्या पुन्हा कशा चढवायच्या? हवा बदलली की जवारी उतरते, ती कोण काढून देणार? भोपळा वाटेत तडकला तर? गवसणी सोबत मिळते का, पेटी वेगळी घ्यावी लागते का? मागणीनुसार घडवलेलं वाद्य परत घेत नसाल तर तसं आधी सांगा, पैसे भरल्यावर नको. तक्रार आली तर ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण, असं २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात. तक्रार कुणाकडे करायची त्या माणसाचं नाव पानावर हवं.

हे सगळं करायला मोठी कंपनी लागत नाही. दुकानाच्या व्हॉट्सॲपवर गेल्या दोन महिन्यांत आलेले प्रश्न काढा. फोन घ्यायला जी मुलगी बसवली आहे तिला बैठकीत बोलवा. कुठला प्रश्न रोज येतो, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नाही, आणि रीडिझाइनच्या बैठकीला आजवर तिला कुणी बोलावलेलं नसतं. मग पान तयार झालं की पाच अनोळखी माणसांना त्यांच्याच फोनवरून खरेदी करायला सांगा आणि शेजारी गप्प बसा. याकोब नील्सन या तज्ज्ञानं २००० साली मांडलं होतं की पाच माणसांत ८५ टक्क्यांच्या आसपास चुका सापडतात. ती माणसं अडखळतील तिथं समजावून सांगू नका, पान दुरुस्त करा.

फेब्रुवारीच्या आसपास सांगलीत नव्या हळदीचे सौदे जोरात सुरू होतात. व्यापाऱ्यांनो, नवा माल भरायच्या आधी तुमच्या पानावर जात, साल, गाव आणि कुरिअरसह किंमत एवढ्या चार ओळी लिहा. आणि वाचकहो, जिथं उत्पादकाचं नाव-पत्ताही दिसत नाही तिथं पैसे भरू नका. दुकानदाराला विचारा, आणि उत्तर नाहीच आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.